शेरेबुक ते संगणकीय प्रपत्र : शिक्षक-निरीक्षणाच्या नमुन्यांचा इतिहास

गोषवारा

शाळा व्यवस्थापनाच्या संगणक-प्रणालींमध्ये कर्मचारी निरीक्षणाचे प्रपत्र शाळेने स्वतः तयार करावे, अशी सोय आता सर्रास आढळते. हे काम तांत्रिक मानले जाते. परंतु निरीक्षणाच्या नमुन्याला सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातील प्रत्येक टप्प्यावर नमुन्यातील रकान्यांनी अध्यापनाचे स्वरूप, शिक्षकाचे वेतन आणि त्याची प्रतिष्ठा यांवर परिणाम केलेला आहे. १८५४ च्या खलित्यापासून आजच्या संगणकीय प्रपत्रापर्यंतच्या या वाटचालीचा परामर्श घेऊन, प्रपत्र-रचनेतील प्रमुख निर्णयांकडे इतिहासाच्या आधारे कसे पाहता येईल, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

बीजसंज्ञा : शिक्षक-निरीक्षण, शाळा तपासणी, गोपनीय अहवाल, मूल्यमापन-श्रेणी, संगणकीय प्रपत्र.

१. प्रस्तावना

हजेरी, शुल्क, गुणपत्रक आणि वेळापत्रक यांसाठी आणलेल्या संगणक-प्रणालीत 'कर्मचारी निरीक्षण' हा विभाग बहुधा सर्वांत शेवटी उघडला जातो. त्यात एक कोरा आराखडा असतो. प्रपत्राला नाव द्यावयाचे, त्याचे विभाग पाडावयाचे, प्रत्येक विभागात प्रश्न घालावयाचे आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोणत्या स्वरूपात घ्यावयाचे ते ठरवावयाचे. उत्तर होय-नाही असे असेल, चार पायऱ्यांच्या श्रेणीत असेल किंवा मोकळ्या जागेत लिहिलेला अभिप्राय असेल. शेवटी, हे प्रपत्र कोणी भरावे आणि भरलेले प्रपत्र कोणाला दिसावे, याची परवानगी निश्चित करावयाची. एका दुपारी पूर्ण होणारे हे काम असल्याने ते बहुतेक ठिकाणी कार्यालयातील संगणक जाणणाऱ्या व्यक्तीकडे सोपविले जाते.

वरकरणी यात इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे काही दिसत नाही. तथापि कोणताही छापील नमुना पाहणाऱ्याच्या दृष्टीला वळण लावतो. ज्या गोष्टीला रकाना आहे ती नोंदली जाते; जिला रकाना नाही ती निरीक्षकाने पाहिली असली तरी कागदावर उरत नाही. म्हणूनच रकाने कोणी आखले, कशासाठी आखले आणि त्यांचा परिणाम काय झाला, हे प्रश्न शिक्षणाच्या इतिहासाचे प्रश्न ठरतात.

२. तपासणी आणि अनुदान : एकोणिसावे शतक

१९ जुलै १८५४ च्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानातील प्रत्येक इलाख्यात स्वतंत्र शिक्षणखाते, शाळा तपासण्यासाठी निरीक्षक आणि खाजगी शाळांसाठी अनुदान अशी व्यवस्था सुचविली. त्यानुसार १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते सुरू झाले. निरीक्षक आणि त्यांच्या हाताखालील डेप्युटी इन्स्पेक्टर गावोगावच्या शाळा तपासू लागले. ग्रामीण बोलीत 'दिपोटी' म्हणून ओळखला जाणारा हा अधिकारी पुढील अनेक पिढ्यांच्या शालेय आठवणींचा भाग बनला. त्याने शाळेत ठेवलेला शेरा हाच शिक्षकाच्या कामाचा लेखी पुरावा असे.

तपासणी आणि पैसा यांची सांगड मात्र इंग्लंडमध्ये अधिक कठोरपणे घातली गेली. रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने १८६२ मध्ये अमलात आलेल्या सुधारित संहितेनुसार शाळेचे अनुदान विद्यार्थ्यांची उपस्थिती आणि निरीक्षकाने घेतलेली परीक्षा यांवर अवलंबून राहू लागले. परीक्षेसाठी दर विद्यार्थ्यामागे ८ शिलिंग ठरलेले असत आणि वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी ज्या विषयात मूल अनुत्तीर्ण होई त्या प्रत्येक विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. निरीक्षकाच्या तक्त्यातील एकेक खूण अशा रीतीने शाळेच्या उत्पन्नाचा आणि पर्यायाने शिक्षकाच्या पगाराचा भाग झाली.

परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. १८५१ ते १८८६ या काळात शाळा-निरीक्षक म्हणून काम केलेले कवी व समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड यांनी आपल्या अहवालांतून या पद्धतीवर सातत्याने टीका केली. शिक्षण यांत्रिक होत आहे, मुले वाचायला शिकण्याऐवजी नेमलेले पुस्तक पाठ करीत आहेत, असे त्यांचे निरीक्षण होते. तक्त्यात तीन विषयांचे रकाने होते, म्हणून शाळेत तीन विषय उरले. इंग्लंडमध्ये ही पद्धती १८९० च्या दशकात क्रमाक्रमाने मागे घेतली गेली. पुढे १९११ मध्ये, मुख्य निरीक्षकपद भूषविलेल्या एडमंड होम्स यांनी आपल्या ग्रंथात तिच्या दुष्परिणामांची परखड मीमांसा केली.

मुंबई इलाख्यातही निकालावर आधारित अनुदानाचा अवलंब झाला आणि तो दीर्घकाळ टिकला. लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीतील १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावाने या पद्धतीचा त्याग करण्याची दिशा स्वीकारली. एका चुकीच्या नमुन्याचे आयुष्य किती लांबू शकते, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

३. महात्मा फुले यांची साक्ष

१८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी सादर केलेले निवेदन प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी सर्वपरिचित आहे. त्यातील तपासणीविषयक भागाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा शाळेला भेट देण्याने विशेष लाभ होत नाही. सर्व शाळांची तपासणी निदान तिमाही व्हावी आणि पूर्वसूचना न देताही भेटी द्याव्यात, असे त्यांनी सुचविले होते. गावकामगार व जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांवर इतर कामांचा बोजा असल्याने त्यांची तपासणी वरवरची होते, हेही त्यांनी नमूद केले.

या मागणीचा संदर्भ लक्षात घेणे आवश्यक आहे. फुले यांना तपासणी हवी होती ती शूद्रातिशूद्रांच्या मुलांपर्यंत शिक्षण खरोखर पोहोचते की नाही हे कळण्यासाठी. त्याच निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना अधिक चांगले वेतन मिळावे, असाही आग्रह धरला. निरीक्षण, प्रशिक्षण आणि वेतन ही त्यांच्या विचारात एकाच मागणीची अंगे आहेत. निरीक्षणाला सरसकट विरोध करणाऱ्या शिक्षकांनी आणि निरीक्षण म्हणजे केवळ नियंत्रण असे मानणाऱ्या व्यवस्थापनांनी हे निवेदन पुन्हा वाचावे असे आहे. वर्षातून एकदाच येणारा निरीक्षक ही त्यांनी दाखविलेली उणीव आजच्या अनेक संस्थांतील प्रपत्रांनाही लागू पडते.

४. मोजमाप आणि संवाद : विसावे शतक

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत कारखान्यांतील कार्यक्षमतेचे शास्त्र शाळांत आले. फ्रँकलिन बॉबिट यांनी १९१३ मध्ये शहरी शाळांच्या पर्यवेक्षणाला फ्रेडरिक टेलर यांची तत्त्वे लावण्याचा प्रयत्न केला. १९१५ मध्ये आर्थर बॉइस यांनी शिक्षकांची कार्यक्षमता मोजण्यासाठी गुणश्रेणी मांडली. शिक्षकाचे व्यक्तिमत्त्व, त्याचे वर्गनियंत्रण, त्याचे अध्यापनकौशल्य अशा बाबींपुढे खूण करण्याची आजची रीत मूलतः या काळातील आहे.

दुसरी परंपरा वर्गातील व्यवहाराच्या तपशीलवार नोंदीची. नेड फ्लँडर्स यांच्या आंतरक्रिया-विश्लेषणात वर्गातील बोलण्याचे दहा प्रकार केलेले आहेत : सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांतता वा गोंधळाचा. निरीक्षक दर तीन सेकंदांनी एक अंक लिहितो. ३५ मिनिटांच्या तासिकेत अशा सुमारे ७०० नोंदी होतात. येथे निरीक्षक शेरा देत नाही. वर्गात कोण किती बोलले, एवढेच तो दाखवितो आणि त्या आरशात पाहण्याचे काम शिक्षकावर सोपवितो. भारतातील शिक्षणशास्त्र महाविद्यालयांत ही पद्धती अभ्यासक्रमाचा भाग झाली. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड येथे उदयास आलेल्या सूक्ष्म अध्यापनाचा प्रसारही येथे झाला आणि त्यात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संशोधनाचा मोठा वाटा होता. बी.एड.च्या छात्राध्यापकाने सादर केलेल्या पाठाचे निरीक्षण लिहिण्याची वही याच परंपरेतून समृद्ध झाली.

तिसरी परंपरा संवादाची. मॉरिस कोगन यांनी हार्वर्ड येथे विकसित केलेले आणि रॉबर्ट गोल्डहॅमर यांनी १९६९ च्या ग्रंथात पाच टप्प्यांत मांडलेले चिकित्सात्मक पर्यवेक्षण निरीक्षणापूर्वीच्या चर्चेने सुरू होते. आपल्या पाठातील कोणत्या गोष्टीकडे लक्ष द्यावे, हे त्यात शिक्षक सांगतो. त्यानंतर निरीक्षण, नोंदींचे विश्लेषण, शिक्षकाशी चर्चा आणि अखेरीस पर्यवेक्षकाने स्वतःच्या कामाचे केलेले परीक्षण असा क्रम येतो. निरीक्षकाचेही परीक्षण व्हावे, हा विचार या परंपरेने दिला.

५. गोपनीयतेचा प्रश्न आणि कायदा

महाराष्ट्रातील खाजगी शाळांमध्ये मुख्याध्यापकाने तासिका पाहून लॉगबुकात नोंद करावी, ही प्रथा जुनी आहे. वर्षअखेरीस लिहावयाचा गोपनीय अहवाल ही वेगळी बाब. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयीचा १९७७ चा अधिनियम आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांनी या नोंदींना कायदेशीर वजन दिले. नियमावलीतील नियम १५ अन्वये गोपनीय अहवाल दरवर्षी लिहावयाचा असतो आणि प्रतिकूल शेरे संबंधित कर्मचाऱ्याला कळवावयाचे असतात. विहित मुदतीत अहवाल लिहिला नाही किंवा प्रतिकूल शेरे कळविले नाहीत, तर त्या काळातील काम समाधानकारक होते असे मानले जाते. परिवीक्षाधीन कर्मचाऱ्याच्या कामाचे मुख्याध्यापकाने वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवावी, असेही हा नियम सांगतो. सेवासमाप्तीच्या वादांत अशी नोंद अस्तित्वात होती की नाही, हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार आलेला आहे. एखाद्या शिक्षकाची नोकरी राहणे वा जाणे निरीक्षणाच्या एका कागदावर अवलंबून असू शकते, याची ही स्पष्ट खूण होय.

प्रतिकूल शेरा कळवावा आणि बाकीचे गुप्त ठेवावे, या समजुतीला २००८ मध्ये देव दत्त विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धक्का दिला. सीमा रस्ते संघटनेतील या अधिकाऱ्याच्या अहवालात 'चांगले' अशी नोंद होती. ती प्रतिकूल नसल्याने त्यांना कळविण्यात आली नाही. पदोन्नतीसाठी मात्र 'फार चांगले' ही श्रेणी आवश्यक होती. प्रत्येक नोंद, मग ती कोणत्याही श्रेणीची असो, कर्मचाऱ्याला कळविली पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने दिला. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. दरम्यान २००९ मध्ये केंद्र शासनाने गोपनीय अहवालाच्या जागी कर्मचाऱ्याला संपूर्ण दाखविला जाणारा कार्यमूल्यमापन अहवाल आणला. 'चांगले' या शब्दाचा अर्थ त्या श्रेणीच्या पुढे-मागे कोणत्या श्रेणी आहेत यावर अवलंबून असतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

६. श्रेणींचा सुकाळ

१९९६ मध्ये शार्लट डॅनियल्सन यांनी अध्यापनाची चौकट प्रसिद्ध केली. चार क्षेत्रे, बावीस घटक आणि प्रत्येकाला चार पातळ्या अशी तिची रचना. व्यावसायिक चर्चेला समान भाषा मिळावी, हा तिचा मोठा गुण. २००९ नंतर अमेरिकेच्या केंद्रीय अनुदान-योजनेने शिक्षक-मूल्यमापनाला उत्तेजन दिले, तेव्हा अशा चौकटी राज्यांच्या कायद्यांत शिरल्या आणि त्या भरून घेणाऱ्या संगणक-प्रणालींचा प्रसार झाला. न्यूयॉर्क शहरात २०१३-१४ मध्ये बावीसही घटकांवर शिक्षकांचे मूल्यमापन सुरू झाले. पुढच्याच वर्षी नव्या करारानुसार घटकांची संख्या आठवर आणली गेली. बावीस रकाने भरता येतात, पण बावीस गोष्टी एका तासिकेत पाहता येत नाहीत, हा धडा एका वर्षात मिळाला. गेट्स प्रतिष्ठानच्या अर्थसाहाय्याने झालेल्या सुमारे ३००० शिक्षकांच्या अभ्यासातून एकाच निरीक्षकाच्या एकाच भेटीपेक्षा अनेक निरीक्षकांच्या नोंदी अधिक विश्वसनीय ठरतात, असे दिसून आले. मात्र त्याच प्रतिष्ठानच्या मूल्यमापन-सुधारणेच्या उपक्रमाने विद्यार्थ्यांच्या संपादनात अपेक्षित वाढ झाली नाही, असा निष्कर्ष रँड संस्थेने २०१८ मध्ये काढला.

इंग्लंडमध्ये १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली ऑफस्टेड ही तपासणी-संस्था प्रत्येक तासिकेला श्रेणी देत असे. एकाच तासिकेला दोन निरीक्षक वेगवेगळ्या श्रेणी देतात, या टीकेनंतर २०१४ मध्ये तिने वैयक्तिक तासिकांना श्रेणी देणे थांबविले.

भारतातील महाविद्यालयीन प्राध्यापकांना या इतिहासाचा अनुभव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांतून आला. शैक्षणिक कार्यनिर्देशांकाच्या तक्त्यात अध्यापन, सहअभ्यासक्रमीय कार्य आणि संशोधन यांचे गुण मोजले जाऊ लागले. शोधनिबंधांना गुण मिळताच शोधनिबंधांची आणि ते छापणाऱ्या नियतकालिकांची संख्या वाढली. त्यांच्या दर्जाचा प्रश्न इतका तीव्र झाला की मान्य नियतकालिकांची सूची करावी लागली आणि ती सूचीही २०२५ मध्ये बंद करण्यात आली. २०१८ च्या विनियमांनी तक्ता सुटसुटीत केला. १८६२ च्या इंग्लंडमधील वाचनाचे पाठ केलेले पुस्तक आणि गुणांसाठी घाईने छापलेला निबंध यांच्यामागे एकच कारण आहे : रकाना उद्दिष्टाची जागा घेतो.

शालेय पातळीवर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी कार्यनिर्देशक तयार केले. त्यांत शिक्षकाचे स्वयंमूल्यमापन प्रथम येते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'शाळासिद्धी'च्या सात क्षेत्रांत शिक्षकांच्या कामगिरीचे व्यवस्थापन आणि व्यावसायिक विकास हे एक क्षेत्र आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रात आलेल्या 'सरल' प्रणालीमुळे माहिती संगणकावर भरण्याची सवय शाळांच्या अंगवळणी पडली.

७. प्रपत्र-रचनेतील निर्णय

वरील पार्श्वभूमीवर संगणक-प्रणालीत नवे प्रपत्र तयार करताना घ्यावयाच्या निर्णयांचा विचार करता येईल.

पहिला निर्णय प्रपत्राच्या हेतूचा. मार्गदर्शनासाठी पाहिलेली तासिका आणि सेवाविषयक निर्णयासाठी केलेले मूल्यमापन यांची प्रपत्रे वेगळी असावीत. लॉगबुक आणि गोपनीय अहवाल यांत जुन्या व्यवस्थेने राखलेले अंतर संगणकात सहज पुसले जाते, कारण दोन्ही नोंदी एकाच माहितीसाठ्यात जातात आणि बेरीज एका कळीसरशी होते. शिक्षकाने विश्वासाने मान्य केलेली अडचण वर्षअखेरीस त्याच्याविरुद्ध वापरली गेली, तर पुढच्या वर्षी तो अडचण सांगणार नाही.

दुसरा निर्णय रकान्यांच्या संख्येचा आणि क्रमाचा. न्यूयॉर्कचा अनुभव पाहता एका भेटीसाठी मोजकेच मुद्दे ठेवणे श्रेयस्कर. आरंभी शिक्षकाने स्वतः भरावयाची जागा असावी : पाठाचे उद्दिष्ट काय आणि निरीक्षकाने विशेषतः काय पाहावे. त्यानंतर प्रत्यक्ष पाहिलेल्या व ऐकलेल्या गोष्टींची नोंद आणि सर्वांत शेवटी अभिप्राय, असा क्रम ठेवल्यास निर्णय पुराव्याच्या आधी येत नाही. बहुतेक प्रणालींत एखादा रकाना अनिवार्य करता येतो. श्रेणीऐवजी पुराव्याचा रकाना अनिवार्य करणे हा छोटासा बदल प्रपत्राचे स्वरूप पालटू शकतो.

तिसरा निर्णय श्रेणीचा. श्रेणी ठेवावयाची असल्यास प्रत्येक पायरीचे वर्णन वाक्यांत द्यावे. नुसते १ ते ४ आकडे निरीक्षकागणिक बदलतात. 'लागू नाही' ही पायरी नसेल, तर प्रयोगशाळेतील तासिका आणि काव्यवाचनाची तासिका एकाच मापाने मोजल्या जातील.

चौथा निर्णय दृश्यतेचा. प्रपत्र सादर होताच ते शिक्षकाला दिसावे, त्यावर त्याला आपले म्हणणे नोंदविता यावे आणि पोच द्यावी, अशी रचना देव दत्त निर्णयाच्या तत्त्वाशी सुसंगत ठरते. संस्थाचालक, मुख्याध्यापक, विभागप्रमुख आणि लिपिक यांना काय दिसावे, हे स्वतंत्रपणे ठरविले पाहिजे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाविषयीचा कायदा २०२३ मध्ये संमत झाल्यानंतर हा केवळ शिष्टाचाराचा विषय राहिलेला नाही.

पाचवा निर्णय बदलांचा. शेरेबुकातील शेरा शाईने लिहिलेला असे; खाडाखोड दिसे. संगणकातील नोंद मागाहून बदलली तर ती कोणी, केव्हा बदलली याची नोंद राहिली पाहिजे. वर्षाच्या मध्यावर प्रपत्राचे रकाने बदलल्यास जुन्या व नव्या नोंदींची तुलना करू नये आणि प्रपत्राची जुनी आवृत्ती जतन करावी. सेवाविषयक वादात याच आवृत्तीची मागणी होणार असते.

८. निष्कर्ष

शिक्षक-निरीक्षणाच्या इतिहासात दीर्घकाळ रकाने आखण्याचा अधिकार शाळेबाहेर होता. तो प्रथम शिक्षणखात्याकडे, नंतर संशोधकांकडे आणि अलीकडे नियामक मंडळांकडे राहिला. शिक्षकाच्या वाट्याला भरलेला कागद येत असे. अनेकदा तोही येत नसे. शाळेला स्वतःचे प्रपत्र तयार करू देणाऱ्या संगणक-प्रणालीने हा अधिकार प्रथमच मोठ्या प्रमाणावर शाळेच्या दारात आणून ठेवला आहे. हे काम संगणक-चालकावर सोडले, तर प्रणालीबरोबर आलेला तयार नमुना वापरला जाईल आणि त्या नमुन्यात दुसऱ्या देशातील, दुसऱ्या हेतूने आखलेले रकाने असतील. ते शिक्षकसभेत चर्चेला ठेवले, तर प्रत्येक रकान्याचे समर्थन करावे लागेल.

फुले यांनी १८८२ मध्ये वारंवार होणाऱ्या, डोळस तपासणीची मागणी केली ती मुलांच्या हितासाठी, आणि त्याच निवेदनात शिक्षकाच्या वेतनाचा प्रश्नही मांडला. निरीक्षणाच्या कोणत्याही प्रपत्राला, ते कागदावर असो वा पडद्यावर, हीच कसोटी लावणे उचित ठरेल : त्यातून मुलांपर्यंत काय पोहोचले हे कळते काय, आणि ते अधिक चांगले पोहोचविण्यास शिक्षकाला मदत मिळते काय? या दोन प्रश्नांना ज्या प्रपत्रात जागा नाही, ते कितीही सुबक असले तरी १८६२ च्या तक्त्याचीच पुढची प्रत होय.